काकांची आरएक्स १०० आणि माझं उजवं मनगट: मातीवरच्या एका हंगामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकली आणि इंजिन खाली उतरवलं. गाडी काकांची, १९९४ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल. दहा वर्षं गोठ्यात पडून होती, गेल्या उन्हाळ्यात मी ती चालती केली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) पण ५० मिमी. वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे पडली तर एकट्यानं उचलता येते. हा गुण किती कामाचा आहे ते पुढं दिसेलच.

दारव्हा तालुक्यात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, घरची सात एकर कोरडवाहू आहे, वय ३४. या हिवाळ्यात क्लबच्या दोन-तीन डर्ट रेसमध्ये उतरायचं ठरवलं. नोंदी ठेवतोय त्या खेड्यात राहून हेच करू पाहणाऱ्यांसाठी. पुण्या-नाशिकच्या पोरांना विचारायला माणसं आहेत. इकडे विचारलं तर "कायले जीवावर उठला बे" एवढंच उत्तर मिळतं.

सिलिंडरवर उभ्या रेघा होत्या. यवतमाळला चाचांकडे बोअरिंग केलं. ते चाळीस वर्षांपासून हेच काम करतात. ०.५० ओव्हरसाइज पिस्टन किट १,६५०, बोअरिंग-होनिंग ६००, गॅस्केट २८०. चाचा म्हणाले, क्रँकची ऑइल सील पण टाकून घे, ३४० रुपये. मी म्हणालो, सील चांगली दिसते. हे वाक्य लक्षात ठेवा.

ऑइल पंप काढून टाकला, पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, मिसळतो. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मे महिन्यात ४४ अंशाच्या उन्हात जुळवला होता, प्लग कॉफीच्या रंगाचा येत होता, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर. तोच ठेवला.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याचं सोनं काल वाटलं, आज गाडी पटावर नेली. गावाबाहेर शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, जागा आहे, मुरुमाची सरळ पट्टी. बंदीच्या काळात तिथं बाभळी उगवल्या होत्या. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली तेव्हा गावानं ती साफ केली. आता पट नसतो तेव्हा ती जागा माझी. पट्टीच्या टोकाला जुन्या टायरांचा गोल मांडून चारशे मीटरची वळणदार वाट केली.

पहिली चूक एअर फिल्टरची. कोरडाच फोम बसवला. आपल्या काळ्या मातीची धूळ म्हणजे चाळलेलं पीठ, कोरड्या फोममधून आरपार जाते. पाऊण तासानं कार्ब्युरेटरच्या तोंडाला बोट लावलं तर काळं. फोमला फिल्टर ऑइल लावून, पिळून बसवायचा असतो. ते मिळालं नाही म्हणून जाड गिअर ऑइल लावलं. आता दर तासाला धुतो, रॉकेल नाही म्हणून डिझेलमध्ये. आतल्या रिंगा किती घासल्या देव जाणे.

२० ऑक्टोबर

टायरमध्ये पैसे घालवले. एक्सपल्स या ऑफ-रोड मोटरसायकलचा मागचा टायर १८ इंची आहे, आरएक्सचं चाकही १८ इंची. म्हटलं बसतो. १२०/८०-१८, ३,४०० रुपयांना आणला. आरएक्सच्या अरुंद रिमवर तो फुग्यासारखा गोल झाला, साखळीला घासायला लागला आणि स्विंगआर्ममध्ये बोटभर पण जागा उरली नाही. एका एक्सपल्सवाल्या पोराला २,३०० ला दिला, अकराशे बुडाले. मग ३.००-१८ चा गुट्ट्यांचा टायर मागवला, २,३००. पुढचा १,९००. आकडा १८ म्हणजे फक्त रिमचा व्यास. रुंदी आधी मोजा.

मागच्या स्प्रॉकेटला तीन दात वाढवले, साखळी नवी: दोन्ही मिळून १,४५०. पुढच्या फोर्कमध्ये जाड तेल ओतलं आणि स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचा इंचभर तुकडा ठेवला. बोअरवेलवाल्याकडचा उरलेला पाइप होता, तो फुकट. तेलाचे ४२०. फोर्क आता डुबकी मारत नाही.

हे सगळे पैसे तीन क्विंटल सोयाबीनचे. हमीभाव ४,८९२, आम्ही विकलं ४,०५० नं. घरी मी तीनाऐवजी दोन क्विंटल सांगितलं.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या पाडव्याला फटाके नको म्हणून मुद्दाम दुसऱ्या दिवशी सराव. डाव्या वळणावर पाय खाली टेकवला, पाय मागं ओढला गेला आणि नडगी फुटरेस्टवर आपटली. आरएक्सचा फुटरेस्ट पक्का नळीचा, मुडपत नाही. पाच टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, १,२०० रुपये. घडी होणारे स्प्रिंगचे फुटरेस्ट बसवायचे आहेत हे मला महिनाभर माहीत होतं. ते १,१०० चे, वेल्डिंग ३००. पाच टाक्यांनंतर बसवले.

बूट पण आणले, जुने, नागपूरहून, ४,०००. गुडघ्याचे गार्ड १,३००. हेल्मेट आधीच घेतलं होतं ५,२०० चं, लांब हनुवटीचं मोटोक्रॉसवालं. बाजारात सातशे-आठशेला तसंच दिसणारं मिळतं. ते घेऊ नका. आयएस ४१५१ चा, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा.

१० नोव्हेंबर

आज पडलो. मोठं काही वाटलं नाही, पण तपशिलानं लिहितो.

मुरुमाच्या पट्टीवरून बाजूच्या काळ्या मातीत उतरताना पुढचं चाक भेगेत गेलं. पाऊस थांबून महिना झाला, माती तडकायला लागली आहे. गाडी उजवीकडे, मी समोर. सवयीनं हात पुढं केला, तळवा उघडा. सगळं वजन उजव्या तळव्यावर आलं. उठलो, गाडी उचलली, अजून सहा चकरा मारल्या. घरी येईपर्यंत मनगट सुजलं होतं, पण फार नाही.

बाबा ओट्यावर बसले होते. "काऊन रे, हात सुजलेला दिसते?"

"मुरगळला."

"मंग शेक."

बाबांचं एवढंच. त्यांनी तरुणपणी पटाची जोडी बाळगली आहे, पडापडीचं त्यांना नवल नाही.

१२ नोव्हेंबर

तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला, ४०० रुपये. "हाड बरोबर आहे, लिगामेंट ताणलं असेल." क्रेप बँडेज आणि गोळ्या. मला हेच ऐकायचं होतं, म्हणून जास्त विचारलं नाही. ॲक्सिलरेटर पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. माझ्याकडे कोणी गाडी घेऊन येतो आणि "नुसता आवाज येते" म्हणतो तेव्हा मी त्याला दहा प्रश्न विचारतो: कुठून, कधी, गरम झाल्यावर की थंड असताना.

१७ नोव्हेंबरची रेस पुढं ढकलली. २० ला विधानसभेचं मतदान, पोलीस बंदोबस्त सभांना. आता १ डिसेंबर. मनगटाला वेळ मिळाला असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या वेळात गाडी तीनदा उघडली.

१ डिसेंबर

पहिली रेस, अमरावतीच्या बाहेर. पिकअपचे ४,०००, प्रवेश १,५००. पहाटे चारला निघालो. सोबत पुतण्या, वय १९, त्याच्या डोळ्यात माझ्यापेक्षा जास्त रेस.

तपासणीत गाडी नापास. दोन कारणं. क्लचच्या दांडीच्या टोकाला गोळा नव्हता, मागं कधीतरी तुटला होता आणि मी घासून गुळगुळीत केला होता. पडताना तशी टोकदार दांडी मांडीत घुसते. दुसरं, मनगटाला बांधायची दोरीवाली किल स्विच नव्हती, म्हणजे माणूस पडला की इंजिन आपोआप बंद करणारी. चाळीस मिनिटं मिळाली. वर्ध्याच्या एका पोरानं त्याच्याकडची जास्तीची किल स्विच दिली, पैसे घेतले नाहीत. दांडी एका स्प्लेंडरवाल्या प्रेक्षकाकडून, शंभर रुपये आणि दोन चहा. त्याला मी घरी जाताना दांडी परत लावून दिली.

इथंच एक युक्ती शिकलो. दांड्यांचे क्लॅम्प पूर्ण आवळायचे नाहीत. बोटानं हलत नाहीत पण आपटल्यावर फिरतात इतकेच आवळायचे. दांडी फिरते, तुटत नाही.

हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, नऊ जण, पाच लॅप. तिसऱ्या लॅपला दोन्ही हात कोपरापासून खाली दगड झाले. याला पोरं आर्म पंप म्हणतात. मी हँडल गळा दाबल्यासारखा धरत होतो. पाचवा आलो, फायनलमध्ये पहिले चारच. चौथ्याला मी जवळजवळ गाठलं होतं, पण शेवटच्या वळणाला पिवळा झेंडा होता, ओव्हरटेक बंद. बरोबरच होतं, तिथं एक पोरगा खाली पडलेला होता.

उजवा हात गाडीत ठेवता येईना म्हणून येताना खिडकीच्या काचेला टेकवून ठेवला. दुपारी ऊन होतं, इंजिन छान चाललं.

१५ डिसेंबर

आज इंजिन धरलं, म्हणजे आतून जाम झालं.

सकाळी साडेसहा, फोनवर ९ अंश, पटावर दवाचा थर. गाडी दोन मिनिटं गरम केली आणि सरळ पट्टीवर पूर्ण उघडली. तिसऱ्या चकरीत आवाज एकदम बारीक झाला, जणू कोणी तोंडावर हात ठेवला, आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं कायम क्लचवर हवीत, हे काकांनी मला बारा वर्षांचा असताना शिकवलं होतं.

प्लग काढला: पांढरा, खडूसारखा. सिलिंडर काढला: पिस्टनचं सायलेन्सरकडचं अंग खरवडलेलं, रिंगा ॲल्युमिनियमखाली गाडलेल्या.

कारण वाटलं सोपं. जेट मी मे महिन्यात ४४ अंशाला जुळवला. ९ अंशाची हवा त्याच्यापेक्षा साधारण बारा टक्के दाट असते. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मिश्रण सुकं, गरमी वाढली. १ डिसेंबरला दुपारच्या उन्हात निभावून गेलं, आज गेलं नाही. आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांच्यात पस्तीस अंशांचा फरक पडतो, तरी मी वर्षभर एकच जेट ठेवला. मे महिन्यात हिवाळ्याच्या गोष्टी कोणाला सुचतात?

२२ डिसेंबर

पण नुसता जेट नव्हता.

नवीन पिस्टन (०.७५), बोअरिंग, गॅस्केट, परत २,५३०. मेन जेट एक घर मोठा. चालू केली. प्लग बरा आला, पण ॲक्सिलरेटर सोडला की रेस (इंजिनचा वेग) खाली यायला वेळ लावते, वर लटकून राहते. मी आयडलचा स्क्रू फिरवत बसलो, केबल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. एक पूर्ण दिवस गेला. दुकानात तीन गाड्या उभ्या होत्या, गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली.

शेवटी यवतमाळला घेऊन गेलो. चाचांनी गाडी स्टँडवर चालू ठेवली, मॅग्नेटोचं झाकण काढलं, सीलच्या बाजूला कार्ब्युरेटर क्लीनरचा एक फवारा मारला. रेस बदलली. "हवा खींच रही है, भाऊ." आणि मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. ऑक्टोबरमधली ३४० रुपयांची सील.

मॅग्नेटोकडची सील फाटली की टू-स्ट्रोक तिथून चोरून हवा घेतो. ती हवा कार्ब्युरेटरला माहीतच नसते, त्यामुळे जेट कितीही बदला, मिश्रण सुकंच राहतं. थंडी आणि सील दोघांनी मिळून पिस्टन खाल्ला. क्रँक प्रेसवर खोलून दोन्ही सील, मजुरी १,९००. बेअरिंग पण आवाज करत होतं, १,३००. म्हणजे ३४० वाचवायला गेलो आणि ५,७३० घातले.

येताना चाचांनी हस्तांदोलन केलं तेव्हा मी हात झटकन मागं घेतला. "हाथ को क्या हुआ?" मी म्हणालो, जुनं आहे.

५ जानेवारी २०२५

दुसरी रेस, नागपूर जिल्ह्यात. यवतमाळ, देवळी, वर्धा असा पिकअप, ५,५०० (पहाटे धुकं, ड्रायव्हर बिचारा ताशी तीसनं). प्रवेश १,५००.

हा भाग पुतण्यानं सांगितल्यावरून लिहितो, मला सगळा आठवत नाही. हीटमध्ये तिसरा आलो, हे मला आठवतं, चांगलंच आठवतं. गाडी सुईसारखी सरळ चालली. हँडल सैल धरलं, गुडघ्यांनी टाकी धरली, हात भरले नाहीत. दुपारच्या हवेला जेट किंचित मोठा वाटत होता, पण धोका मोठ्या जेटचा नाही, लहानाचा आहे, म्हणून हात लावला नाही.

फायनलच्या आधी टँकरनं पाणी मारलं. धूळ बसवायला मारतातच. पण दुसऱ्या वळणावर मुरुमात काळी माती मिसळलेली होती आणि टँकर तिथं थांबून वळला. काळी माती भिजली की तिच्यात आणि साबणात फरक नाही. मी ते पाणी मारताना बघितलं होतं. सुरुवातीला चौथा होतो, वळणाला आत घुसलो, पुढचं चाक गेलं. मागच्याची गाडी माझ्या हेल्मेटला लागली. लाल झेंडा, शर्यत थांबली.

ॲम्ब्युलन्सजवळच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आज कोणता सण जवळ आला? मी म्हणालो, दिवाळी. पुतण्या म्हणतो की मी तेच तीनदा विचारलं, "माझी हीट झाली का?" दहा-बारा मिनिटांचं काही आठवत नाही.

ग्लोव्ह काढताना मी ओरडलो. बाईंनी उजवा अंगठा वर करायला लावला, त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथं बोट दाबलं. मी उभा राहिलो. किती दिवसांचं आहे? मी म्हणालो, दोन महिने. त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि पुतण्याच्या हातात दिलं, माझ्या नाही.

८ जानेवारी

डोक्याचं स्कॅन ठीक. आठ-दहा दिवस पूर्ण आराम सांगितला, मोबाइल कमी, मोटरसायकल तर नाहीच.

मनगटाचं सीटी, ४,५००. हाड मोडलेलं आहे. १० नोव्हेंबरपासून. नाव स्कॅफॉइड, काजूएवढं, काजूच्याच आकाराचं, अंगठ्याच्या खाली. डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत: या हाडाला रक्त एका टोकाकडून जातं, म्हणून मधे मोडलं की दुसऱ्या टोकाला रक्त कमी पोचतं आणि ते हळू जुळतं. कधी जुळतच नाही. आणि पहिल्या एक-दोन दिवसांच्या एक्स-रेत ही भेग बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून त्या खड्ड्यात दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी अंगठ्यासकट प्लास्टर घालतात आणि दहा-चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढतात. नोव्हेंबरच्या एक्स-रेला मी दोष देत नाही. मी परत गेलोच नाही.

नोव्हेंबरातच प्लास्टर झालं असतं तर बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं. आता दोन महिने घासून कडा गुळगुळीत झाल्या आहेत. स्क्रू टाकावा लागेल आणि मनगटाजवळच्याच हाडाचा थोडा चुरा काढून भेगेत भरावा लागेल.

हाडवैद्याकडे जाऊन मालिश करून आलो होतो तेही सांगितलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, लिहून घेतलं.

घरी आज रेसची बात काढायची नाही असं ठरलं आहे. सी. एस. संतोषची गोष्ट घरात आधीच पोचलेली आहे, पुतण्याच्या कृपेनं. डकार रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय मोटरसायकलस्वार, २०१५ साली. जानेवारी २०२१मध्ये सौदीत पडला तेव्हा डॉक्टरांनी त्याला औषधानं कोमात ठेवलं होतं. आमच्या हिनं फक्त दुसरं वाक्य लक्षात ठेवलं.

१४ जानेवारी

काल ऑपरेशन झालं. आज संक्रांत. पुतणी टाइप करते आहे, मी सांगतो. तिळगूळ डाव्या हातानं घेतला. ४६,०००.

वि. सू. (पुतणीकडून): काका खूप चिडचिड करतात.

२ फेब्रुवारी

डाव्या अंगठ्यानं लिहितो, म्हणून थोडक्यात. टाके निघाले, आता स्प्लिंट. वजन उचलायचं नाही, स्पॅनर नाही, किक नाही. कापसाची शेवटची वेचणी, तूर कापणी, दुकान, सगळं मजुरीवर आणि पुतण्यावर. मजुरीचा हिशेब एप्रिलमध्ये करीन, आत्ता धीर नाही.

विम्याचं विचारलं होतं कोणीतरी. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत वगळलेली असते, छापलेलंच आहे. माझ्या अपघात पॉलिसीतही रेस वगळलेली निघाली. उतरण्याआधी वाचा. मी नंतर वाचली.

१६ फेब्रुवारी

गावात पट होता. मी धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलो, हात गळ्यात. बाबा शेजारी. शेजारच्या गावची एक जोडी पळालीच नाही, मालकानं सकाळीच गाडीत भरून परत नेली. म्हटलं, एवढ्या दुरून आणली, प्रवेश भरला, काऊन नाही पळवली?

"डाव्या बैलाचा खूर गरम लागला त्याले. हात लावून पाह्यलं सकाळी, म्हणे आज नाही." बाबा पटाकडेच बघत होते. "तू प्लग पाहाले दर चकरीले उतरत होता ना बे."

मी काही बोललो नाही. खालून धूळ आली, पुढची जोडी सुटली.

२ मार्च

जुनं हेल्मेट करवतीनं उभं कापलं, पुतण्यानं कापलं, मी बघितलं. बाहेरून फक्त एक ओरखडा आणि टाचेएवढा चट्टा. आत त्याच जागी थर्माकोलसारखा थर दाबून निम्मा झालेला. तो परत फुगत नाही. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट दुसऱ्यांदा त्या जागी काही करत नाही. दोन्ही अर्धे दुकानात खिळ्याला टांगले आहेत. येणारे पोट्टे बोट घालून बघतात. नवं हेल्मेट ६,२००, आत्ताच घेऊन ठेवलं, नाहीतर घाईत जुनंच घातलं असतं.

पुतण्याला गाडी पाहिजे. रोज एकदा विचारतो. त्याला म्हटलं, आधी वर्षभर माझ्या गाडीचा प्लग वाचायला शीक, मग बघू. म्हणजे एक हंगाम तरी टळला. त्याच्या आईला मी याहून स्पष्ट शब्द दिला आहे, तो इथं लिहीत नाही.

१६ एप्रिल

सीटी. भेग भरली आहे, स्क्रू जागेवर. मनगट मागं वाकतं ते डाव्याच्या साधारण तीन चतुर्थांश. डॉक्टर म्हणाले आणखी सुटेल, पूर्ण सुटेलच असं नाही. रोज गरम पाण्यात बॉल दाबणं चालू.

२० एप्रिल

चंद्रपूरला ४५च्या आसपास गेलं आहे, आमच्याकडे ४४. संध्याकाळी सहाला गाडी बाहेर काढली. पुतण्यानं किक मारली. हिवाळ्याचा जेट तसाच होता, म्हणून चिखलातून ओढल्यासारखी चालली, धूर काढत, प्लग काळा आणि ओला. जेट एक घर खाली आणला, कार्ब्युरेटरची सुई एक खाच खाली. परत चार चकरा. कॉफीचा रंग आला.

मी फक्त शेवटच्या दोन चकरा मारल्या, दुसऱ्या गिअरवर. मनगट दुखलं नाही. तिसरी मारावी असं फार वाटत होतं. स्टँडवर लावली.

हिशेब केला. इंजिन, टायर, फुटरेस्ट, जेट, सगळं धरून गाडीला साडेसतरा हजार. दोन रेस जाऊन-येऊन १२,५००. हेल्मेट दोन, बूट, गार्ड १६,७००. हात आणि नडगी, सीटी-औषधं-फिजिओसकट, ५५,९००. मी काम करू शकलो नाही त्याची मजुरी २१,०००. बक्षीस: तिसऱ्या क्रमांकाची हीट, तिला काही मिळत नाही. हा आकडा घरी एक क्विंटल कमी करून सांगता येण्यासारखा नाही. वहीच दाखवली. दोन पानं वाचून झाल्यावर बायको म्हणाली, "सील चे ३४० तेवढे द्यायचे होते."

१ जून

अवकाळी पावसानं सगळा मे भिजवला, सराव नाहीच. आता पेरणीची घाई. गाडी चार महिन्यांसाठी ठेवून दिली. पेट्रोल टाकी पूर्ण रिकामी, कार्ब्युरेटरचा कटोरा काढून पुसला, नाहीतर टू-टीचा डिंक होऊन जेट बुजतात. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल, किक हळू तीनदा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, उंदरांसाठी. चाकं विटांवर.

उन्हाळ्याचा जेट गाडीत आहे. हिवाळ्याचा जेट आणि दोन नव्या क्रँक सील प्लास्टिकच्या डबीत घालून हँडलला बांधल्या. डबीवर मार्करनं लिहिलं: दिवाळीनंतर आधी हे. खाली पुतण्यानं त्याच्या अक्षरात जोडलं आहे: मनगटाचा एक्स-रे पण.